पिकवणीची खोली

फैजपुरात, यावल रस्त्याला,
शेठनं केळी पिकवणं बंद केलं त्या वखारीत
आता आम्ही बसतो. महिना नऊशे, वायफायसकट.
भिंतींना अजून वास आहे, मे महिन्यात वाढतो.
दाराची रबरी पट्टी इतकी घट्ट
की कुणी आलं की खोली श्वास सोडते.

पहिले तीन महिने हेडफोन. नमस्कारापुरती मान.
ललित फेगडे पुण्यातल्या कंपनीसाठी पूल आखतो,
मी नाशिकच्या दवाखान्यांची बिलं तपासते,
धनराज बारी दिवसभर काय करतो
ते आजही नीट सांगता येणार नाही,
पण डबा मोठा आणतो.
पहिलं बोलणं झालं ते भांडण:
रिकामा जार बदलायचा कुणी?
मग भिंतीवर पाळ्यांचा कागद लागला,
मग कागदावर कुणीतरी मिशा काढल्या.

किल्ली सुपडूबाबांकडे, शेठचे जुने हमाल.
म्हणाले, "कच्च्या घडांत एक पिकेल ठेवला
का बाकीचे आपोआप पिकतात.
तुमच्यातला पिकेल कोनता?"
कुणी पुढं झालं नाही.
"पिकला की दुसऱ्या दिवशी काळा पडतो,"
धनराज पुटपुटला, भाकरी मोडत.

बुधवारी दोनला लाईट गेली.
अडीचला रुखसाना तडवीची मुलाखत,
तिसरी, शेवटची.
इन्व्हर्टर टीं टीं करू लागला.
आधी ललितनं प्लग काढला,
अर्धा पूल पडद्यावरून गेला.
मग मी.
पंखा धनराजनं बंद केला, बेचाळीस डिग्रीत.
सुपडूबाबा दाराला पाठ लावून उभे,
खोलीनं श्वास सोडू नये म्हणून.

तिचं इंग्रजी आम्ही पहिल्यांदा ऐकलं.
पायथ्याच्या रस्त्यासारखं, जरा खडीचं,
पण घाट चढणारं.
पलीकडून विचारलं, मागे कोण आहेत?
ती वळली. घामानं थबथबलेले चौघं.
"कलीग्ज," म्हणाली.

लाईट साडेचारला आली. तोवर ओट्यावर बसून
आम्ही त्या शब्दाला मराठी शोधत होतो.
सहकारी म्हटलं
तर ललितच्या आईचे सव्वा लाख आठवतात,
पतपेढीत बुडालेले. तो शब्द गेला.
सोबती फारच लग्नपत्रिकेतला.
"शब्द राहू द्या," सुपडूबाबा म्हणाले,
"जार संपेल आहे."
पाळी माझी होती. उचलला धनराजनं.

रुखसानाचं अजून काही कळलेलं नाही.
ती रोज येते.
प्लग लावायच्या आधी
एकदा सगळ्यांकडे बघते.