ठाव

काबो पोलोनिओत विजेच्या तारा नाहीत.
दीपगृहाच्या भिंतीला टेकवलेल्या एका सौरपट्टीवर
संगणक जेमतेम तासभर जगतो,
आणि त्या तासात मी तिची रात्र उघडते.

पुस्तकात ती सिंहीण. इथले कोळी तिला लांडगी म्हणतात.
माझ्या वहीत ती सतरा नंबर,
पाठीवर, खांद्यांच्या मधोमध,
मी राळेने चिकटवलेली काडेपेटीएवढी पेटी घेऊन
जी परवा पहाटे खडकावरून पाण्यात घसरली,
पिल्लाला एकदाच हुंगून.
ते अजून तिथंच आहे. उपाशी. आवाज बसलाय त्याचा.

खाली.
तळ.
तळावर सपाट, अडीच मिनिटं, तीन मिनिटं,
मग वर; एक श्वास की चार, पेटीला कळत नाही,
आणि पुन्हा खाली.
प्रत्येक बुडी परातीसारखी: उभे काठ, रुंद बूड.
परातींची ओळच लागलीय पडद्यावर,
जेवणावळ उठल्यावर
घासून मांडून ठेवाव्यात तशी.
दोनशे सहा मोजल्या. मग बोटं गारठली.

उबाल्दो आला, फाटकं जाळं खांद्यावर,
भोपळ्यातला कडू चहा हातात.
भोकातून अख्खी मूठ बाहेर काढून दाखवली मला.
"काय म्हणतेय तुझी चोरटी?"
रोजचंच. रोज मी म्हणते, खाल्लं आणि निजली.
आज म्हटलं, "हे बघ, एवढ्या समुद्रात
तिला एकच जागा गवसलीय.
पाच रात्री झाल्या, तिथंच.
आजूबाजूला नुसता चिखल, आणि ही..."

तो नकाशावर वाकला. चष्मा नव्हता,
वास घ्यावा इतका वाकला.
"तेरा वाव," म्हणाला,
मी आकडा सांगायच्या आधी.

पुढचं मला निल्दाने सांगितलं, त्याच्या बायकोने,
मासे खवलताना, मान वर न करता:
ऑगस्ट होता. होडीचं नाव ला पोर्फियादा, म्हणजे हट्टी,
आणि धाकटा भाऊ नेस्तोर, तोही तसलाच.
अकरा दिवस लोखंडी गळ ओढून तळ खरवडला सगळ्यांनी.
एक गमबूट लागला. डावा.
ठावठिकाणा नाही, अशी नोंद आहे बंदरावरच्या चोपडीत.

"काय खाते ती तिथं?"
"वाम. माकूळ. खेकडेही असतील."
"पुष्कळ?"
"बुडालेल्या लाकडात घरं करतात मासे."
शब्द सुटला, मग कळलं मला काय बोलले.
तो मात्र बोटांच्या पेरांवर काही मोजत होता.
"तीन मिनिटं," म्हणाला,
"दोनशे वेळा.
एवढं तर आम्ही कुणी
बसलो नाही त्याच्यापाशी."

जाताना दारात थांबला.
"हे आकडे छापशील?"
छापावे लागतात, म्हटलं.
"मग ट्रॉलर येतील."
एवढंच. जाळं उचललं, सुतळी शोधत गेला.
दुसऱ्या दिवशी त्याच जाळ्याला नवी भोकं पडली तेव्हा
त्याने तिला आईवरून शिवी हासडली,
नेहमीसारखी, अख्ख्या किनाऱ्याला ऐकू जाईल अशी.

अहवालात मी दशांशानंतरचे तीन आकडे गिळले.
कुणी विचारलं नाही.

एप्रिलात तिची जुनी लव झडली, लवेबरोबर पेटीही.
उपग्रहापर्यंत शेवटचं पोचलं ते इतकंच:
खोली शून्य. पाणी एकोणीस अंश. वेळ, पहाटे चार दहा.
त्यानंतर पडदा कोरा.

उबाल्दो अजून येतो.
"काय म्हणतेय?"
"काही नाही. आवाजच नाही."
"मग खाली असेल," म्हणतो,
आणि भोपळा माझ्यापुढे धरतो.