सत्ताविसावी कॅसेट

मनाम्यात, सलूनच्या वरच्या खोलीत
आम्ही तिघं मुकादमांचा आवाज उतरवून घेतोय.
एकेचाळीस कॅसेटी. सोनवड्यांनी त्या
तांदळाच्या पिंपात ठेवल्या होत्या, दमट हवेला भिऊन.

गुरुवारी रात्री नऊला रेडिओवर गोष्ट.
कॅम्पातले बारा जण भोवती,
टेपजवळ खोकायचं नाही, असा नियम.
तरी खोकला आहेच. कुकरची शिट्टी आहे,
"दार लाव रे, एसी जातोय" आहे.
जुबेर म्हणाला, हे सगळं पुसून काढतो.
सोनवडे म्हणाले, खोकतोय तो दिगंबर. राहू दे.

सत्ताविसावी.
तांडेल खाडीच्या तोंडाशी येतो, दिवा विझलेला,
मुकादम श्वास घेतात
आणि खट्. सोनवड्यांचा तरणा आवाज :
"सुमे, पोराला दात आला का?
पैसे दहा तारखेला धाडतो."
कोरी कॅसेट नव्हती त्या महिन्यात.

जुबेरनं बाजू उलटली.
"दोन आलेत, खालचे.
आणि गोष्ट मधेच तुटली हो,
त्या तांडेलाचं काय झालं?"

सोनवडे बराच वेळ चष्मा पुसत होते.
"कळवायचं राहिलं," म्हणाले.
"आता मलाही नीट आठवत नाही."