मांगून

रात्रभर टपकत होता शॉवर.
आमच्या आळीत नळ येतो तीन दिवसांआड
आणि पहाटे टाकीचा तळ दिसायचा.

तिसऱ्या फोननंतर टेकाम आला,
डोक्याला दुपट्टा, सायकलला पान्ह्याची थैली.
भिंतीतून बाहेर नुसती एक चकचकीत मूठ,
मुलीच्या हट्टाची.
बाकी सारं भिंतीच्या पोटात.

"वॉल गेला," म्हणाला.
मी म्हटलं, भिंत तर उभी आहे.
हसला नाही.
टरबूज घेताना वाजवतात
तशी एकेक टाइल वाजवत गेला.
"अठी."

फोडली तर जोड मिळायची नाही,
यवतमाळच्या त्या दुकानात आता मोबाइल विकतात.
बराच वेळ उकिडवा बसून राहिला टेकाम.
मग म्हणे, "मांगं काय हाय?"

मागे सैपाकघर.
हळद, तिखट, जवसाच्या चटणीचा डबा,
सगळं खाली उतरवलं.
छन्नीनं चार विटा निघाल्या.
आत पितळ, हिरवं पडलेलं,
आणि एका विटेवर पेन्सिलीनं
यांच्या तिरक्या अक्षरात:
पैकूले २०० देणे.

"देल्ले का मंग?" टेकामनं विचारलं.
हिशेब हे पाहायचे.

नवा वॉल एसटीनं आला, नागपूरहून, परवा.
टेकामनं मागितले तेवढे दिले, घासाघीस न करता.
भोकावर खताच्या दुकानाचं कॅलेंडर टांगलंय,
वीट परत लावू दिली नाही मी.

आता रात्री काहीच वाजत नाही.
पैकू कोण,
गावात विचारते आहे.