चुन्याचं माप

तार्तूत जानेवारीत साडेतीनलाच दिवे लागतात.
हेल्वे काचेच्या बशीवरचं झाकण उचलते:
एका बाजूला यीस्टचे दाट, दुधाळ ठिपके,
दुसऱ्या बाजूला, जिथे पंपाचं जनुक काढून टाकलंय,
नुसतं धुकं.

साधं पाणी लागलं तरी फुटतात या पेशी.
भिंत आहे, पण धुऊन धुऊन विरलेली.
खोट भिंतीत नाही. आत,
गॉल्जीच्या घड्याघड्यांच्या कोठीत,
जिथे प्रथिनांना साखरेच्या लांब झालरी लावतात,
तिथे कॅल्शियम ओढून आणणारं कोणी उरलं नाही.
झालरी अर्ध्यावर राहिल्या,
आणि तोच माल गेला भिंतीवर.

तिचा बाप घरं उबवणाऱ्या भट्ट्या बांधायचा.
चुना बोटांत चोळून बघायचा, बोलायचा कमी.
वोरूला एकदा पहिल्याच थंडीत तडकली एक भट्टी.
मालकिणीने विटांना शिव्या घातल्या.
तो म्हणाला, वीट बरी आहे, बाई.
मी घाईत होतो.

हेल्वे नव्या बशीत कॅल्शियम वाढवून बघते.
तीन दिवसांनी धुक्यात ठिपके.
बारके. पण ठिपके.
पंप अजून नाहीच;
बाहेरच इतकं झालंय
की कुठल्यातरी आडवाटेने आत झिरपतंय.

वहीत ती लिहिते: वाढ, माफक.
तराजूपाशी सांडलेली पांढरी पूड
हातमोज्यातूनच चोळून बघते,
अंगठा आणि तर्जनीत,
बराच वेळ.