पाचवा शब्द

सकाळी सहाला काचेवरचं बर्फ खरवडतो.
आज शेवटची फेरी.
हेलसिंकीहून आलेल्या पत्रात एकच ओळ:
पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात तरतूद नाही.
खाली सही, तीही छापील.

मी संशोधक नाही, ड्रायव्हर आहे.
नऊ वर्षं मागच्या सीटवर मेर्वी, तिच्या पायाशी निळी पेटी,
पेटीत माणसांचं रक्त, नाव नसलेलं, नुसत्या आकड्यांचं.
तळ्याकाठची एकशेअठरा घरं मला पाठ:
कुठे कुत्रं मोकळं असतं, कुठली पायरी मोडकी,
कोण आम्ही येणार म्हणून केस विंचरून बसतं,
आणि कोणाला, गेल्या उन्हाळ्यापासून,
आम्ही कोण ते दारातच सांगावं लागतं.

मेर्वी म्हणते, या रस्त्याचा एक किलोमीटर नवा करायच्या पैशात
आपली तीन वर्षं निघाली असती.
मी रस्त्याच्या विरुद्ध नाही. माझं पोट त्यावर आहे.
पण रस्त्याला फीत कापता येते.
न झालेल्या विसराळूपणापुढे
कोणता मंत्री कात्री घेऊन उभा राहणार?

इर्या कार्वोनेन लाकडाच्या गिरणीत हिशेबनीस होत्या.
पहिल्याच दिवशी म्हणाल्या,
आई शेवटी मला स्वतःची बहीण समजायची,
लहानपणीचं भांडण उकरून काढायची माझ्याशी.
माझं काय व्हायचं ते होवो. पण नीट मोजून ठेवा.
मग चालल्या. मीठ कमी केलं.
चर्चच्या तळघरात मंगळवारी-शुक्रवारी वजनं उचलली.
कानाला यंत्र लावलं, शिव्या घालत.
दर सहा महिन्यांनी मेर्वी पाच शब्द सांगायची,
रक्त घ्यायची, इकडचं तिकडचं बोलायची, आणि मग:
मघाचे शब्द?

आज फक्त कागदावर सही.
पेटी गाडीतच राहिली, रिकामी.
कॉफी झाली, वेलदोड्याचा पाव झाला.
बाहेर तळं अर्धंच गोठलेलं.
उठताना बाईंनी मेर्वीची बाही धरली.
शब्द विचारले नाहीस.
अभ्यास संपला, इर्याबाई.
तुमचा संपला. मी एप्रिलपासून धरून ठेवलेत.
आणि भिंतीकडे बघत,
गिरणीत बेरीज वाचून दाखवत असतील तशा:
वल्हं.
करवत.
हातमोजा. रेशीम.

थांबल्या.
घड्याळ ऐकू येऊ लागलं.
पाचवा मेर्वीला माहीत होता. मलाही,
दाराशी उभं राहून राहून.
नियम असा की सुचवायचं नाही.
आता नियम तरी कुणाचा,
पण आम्ही दोघंही गप्प,
टोपी हातात घेऊन.

गाडीत बसल्यावर मेर्वी म्हणाली, चार.
एप्रिलपासून, चार. हे कुठे लिहू मी?

मी डिझेलची वही पुढे केली.
किलोमीटर आणि लिटर यांच्या मधल्या रकान्यात
तिनं तारीख घातली, नाव घातलं, आकडा घातला.
ही वही सोमवारी जमा करायची आहे.
डिझेलचा हिशेब सरकार
ओळ न् ओळ वाचतं.