एकाच बादलीतले

गप्पी सोडायची आमची पद्धत साधी:
बादली तिरपी धरायची, पाणी पाण्याला टेकवायचं,
ओतायचं नाही. ओतलं की मासे बिथरतात.
सहा वर्षांपूर्वी एकाच बादलीतले निम्मे
मी ग्रँट रोडच्या बागेतल्या विहिरीत सोडले,
निम्मे त्याच संध्याकाळी भांडुपच्या बंद खाणीत.
रजिस्टरात एकच ओळ:
डासअळी प्रतिबंध, गप्पी अंदाजे दोनशे.

विहिरीवर जाळी आहे. आत साप नाही, मोठा मासा नाही,
खंड्याला वरून दिसतं ते फक्त गंजलेलं लोखंड.
परवा केर्सीबाबांनी हाक मारली,
"बाई, आ मासाला कलर कोन लावला?"
वाकून पाहिलं.
नर सगळे वरातीला निघाल्यासारखे,
शेपटीवर हळद, कुशीला शेंदूर,
पाठीवर ते निळं, डबक्यात रॉकेल सांडल्यावर दिसतं तसलं.
एकासारखा दुसरा नाही.
आणि घाई कुणालाच नाही.

खाणीतले तुम्हाला दिसणारच नाहीत.
मला दिसतात, कारण मला त्याचाच पगार मिळतो.
मातकट, अंगावर बारीक खडीसारखे ठिपके.
दगडाखाली मरळ
कुजक्या ओंडक्यागत पडलेली,
डोळा मात्र उघडा.
तीन-चार महिन्यांत यांची पिढी होते,
सहा वर्षं म्हणजे वीसेक पणजोबा.
त्यात जो चमकला तो गेला,
त्याची पोरं झालीच नाहीत.
रंग कुणी पुसला नाही.
रंगवाल्यांनाच एकेक करून उचललं.

मग विहिरीत रंग चढला कुणामुळे?
मादीमुळे.
ती राखाडी. तिच्याकडे कुणी बघत नाही.
बघते ती.

युनिव्हर्सिटीतली झुलेखा येते ठिपके मोजायला,
वहीत मिलिमीटर लिहिते.
ती म्हणाली, मावशी, नारंगी रंग
माशाला अंगात तयार करता येत नाही,
शेवाळ खाऊन मिळवावा लागतो.
म्हणजे तो ठिपका दाखलाच:
हिंडतो, शोधतो, पोटभर खातो.
मादी दाखला वाचते.
तिला विहिरीतला एक नर खाणीत सोडून बघायचा होता.
मी म्हटलं, आठवड्यात मरळीच्या पोटात जाईल.
शास्त्र म्हणून चालेल. माझ्या बादलीतून नाही.

विष्णुदास मला बघायला आला होता,
असं घरचे म्हणतात. बघितलं मी.
नारंगी शर्ट, दोन खिसे, कॉलर ताठ.
ऑर्केस्ट्रात कोंगो वाजवायचा,
बोटं खुर्चीच्या हातावरही थांबत नव्हती.
चहाच्या ट्रेआडून मी दाखला वाचला
आणि हो म्हटलं.
शर्ट मित्राचा होता.
लग्नानंतर चौथ्या दिवशी मित्र न्यायला आला.

माशाला उसनं आणता येत नाही,
हे काही मी झुलेखाला बोलले नाही.

आता तो रात्रपाळीचा वॉचमन.
दोरीवर त्याची खाकी, माझी खाकी शेजारी वाळतात,
कुठली कुणाची ते बटणांवरून ओळखायचं.
भांडी घासताना तो अजून पातेल्यावर ठेका धरतो.
मी मागे वळत नाही. ऐकते.

काल खाणीवर उशीर झाला.
सात वाजत आले, पाणी शिशासारखं,
खंड्या गेलेला, मरळीलाही धड दिसत नसावं.
काठाच्या वीतभर पाण्यात
एक मातकट नर मादीसमोर आडवा आला,
अंगाचा बाक केला, थरथरला,
तेव्हा शेपटीच्या मुळाशी दिसला
मोहरीएवढा नारंगी ठिपका. एकच.
मरळीच्या हिशोबातून सुटलेला.

मादी थांबली.
मी बादली खाली ठेवली नाही,
कडीचा आवाज झाला असता.