जोत्यावरून

बावीस वर्षं शनिवार-कसब्यात मीटर वाचले,
या दरवाजावरून रोज सायकल नेली,
आत मात्र आज आलो, तिकीट काढून,
तेही तू म्हणालीस म्हणून.

मागल्या जूनमध्ये ऋताने
तो इंग्रजांचा किल्ला दाखवला, आठवतं?
भिंती उभ्या, आतले मजले गायब.
दुसऱ्या मजल्याची शेकोटी
भिंतीला नुसती टांगलेली, खाली गवत,
आणि अडतीस पायऱ्यांचा तो गोल जिना
थेट हवेत संपणारा.
मी म्हटलं, इथे मीटर कुठे बसवला असता?
जावई हसला. तू नाही हसलीस.
तू गाइडला विचारलंस, मराठीतच,
स्वयंपाकघर कुठंय,
आणि त्याला ते कळलं.
काळवंडलेल्या कमानीत पदर खोचून उभी राहिलीस,
वर पाहिलंस.
धुराड्याच्या टोकाला रुपयाएवढं आभाळ.
‘ओढ चांगली असणार,’ म्हणालीस.

इथे उलटं आहे.
भिंती गेल्या, जमीन राहिली.
वरचं लाकूड आठवडाभर जळत होतं म्हणे.
उरली ती जोती, गुडघ्याएवढी.
एका दारातून आत गेलो. दार नव्हतं.
तरी वाकलो जरा.
जुन्या चौकटींनी कपाळाला लावलेली सवय.

पाट्या सगळ्या वाचल्या. महाल, दिवाणखाना, कारंजं.
चुलीचं नाव मला तरी दिसलं नाही.
रखवालदार मोझे म्हणाला,
काका, हे कुणी विचारत नाही,
लोक अमावस्येचं विचारतात.

मग मीच शोधलं.
पाणी कुठून येईल, धूर कुठे जाईल,
वाऱ्याकडे पाठ करून उभा राहिलो.
एका चौकोनात दगड
जरा जास्तच गुळगुळीत वाटला.
तेवढ्यावरून काही सांगता येत नाही, कळतं मला.
कुलूप असलं तरी तिसऱ्यांदा गेलोय लोकांकडे,
पण अंदाजे रीडिंग
उभ्या नोकरीत टाकलं नाही.
आज टाकलं.

फोन लावला. तू गुडघा शेकत बसलेली.
‘केवढं आहे?’
पावलं मोजली. बारा बाय नऊ.
तू बराच वेळ गप्प.
मागे कुकरची एक शिट्टी.
‘मग खिडकी पूर्वेला हवी,’ म्हणालीस,
‘बघ बरं, आहे का.’

मी बघितलं.
पूर्वेला बसथांबा होता, ऊन होतं.
आहे, म्हटलं.

बंद व्हायची वेळ झाली, मोझे हाका मारत आला.
मी चपला शोधत होतो.
चौकोनाबाहेर त्या कधी काढल्या,
आठवेना.